पासंग : चार आण्यांचे पीक आणि चोवीस लाख मते

१९१८ सालच्या खेडा सत्याग्रहाच्या मुळाशी एक आकडा होता : चार आणे. खेडा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे असे धरून यंदाचे पीक किती आणे हे महसूल खात्याने ठरवायचे आणि त्यावरून सारा वसूल करायचा की तहकूब ठेवायचा याचा निर्णय व्हायचा, अशी रीत होती. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा पूर्ण सारा तहकूब करून मागण्याचा हक्क नियमानेच रयतेला दिला होता. सरकारी आकडा चार आण्यांच्या वर होता आणि शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे.

भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढचे ठक्करबाप्पा, यांनी जिल्ह्यात जाऊन चौकशी केली. गांधीजी आणि त्यांचे सहकारीही गावोगाव फिरले. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा लवाद नेमावा ही मागणी सरकारने मानली नाही. मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सारा भरावा, गरिबांचा तहकूब राहावा, या तडजोडीवर जूनमध्ये संपला.

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या लढ्याला त्याचे स्थान मिळालेले आहे. माझे कुतूहल मात्र एका बारीक प्रश्नाभोवती घोटाळत राहते. पीक खरोखर किती आणे होते? या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. सरकार खोटे बोलत होते की शेतकरी, हा त्यापुढचा प्रश्न झाला. खरे बोलायचे ठरवले असते तरी ते ज्याने मोजता येईल असे साधनच कोणाच्या हातात नव्हते. ते साधन पुढच्या तीस वर्षांत आपल्याच देशात घडले. ते घडताना देशातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत जो वाद झाला, त्यात निवडणुकीच्या अंदाजांपासून पीकविम्यापर्यंत आजच्या अनेक आकड्यांकडे पाहण्याची एक किल्ली आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

* * *

आणेवारी ही नजरेने करायची गोष्ट. गावकामगाराने शिवार पाहायचे, वरच्या अधिकाऱ्याने त्याचा आकडा तपासायचा. पेरलेले क्षेत्र, एकरी 'सर्वसाधारण' उत्पन्न आणि आणेवारीचा अपूर्णांक या तिन्हींचा गुणाकार केला की जिल्ह्याचे पीक निघे. क्षेत्र ठीक मोजलेले असे, कारण जमीनमोजणी पक्की होती. उरलेल्या दोन्ही गोष्टी अंदाजाच्या. 'सोळा आणे' म्हणजे नक्की किती मण हे दोन माणसांना विचारले तर दोन उत्तरे यायची. एकाच्या डोळ्यांसमोर गेल्या दहा वर्षांतले उत्तम पीक, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर सरासरी पीक. शिवाय ज्याला सारा वसूल करायचा आहे त्याची नजर आणि ज्याला तो भरायचा आहे त्याची नजर एकाच शेतात दोन वेगवेगळी पिके पाहते. त्यासाठी कोणी लबाड असावे लागत नाही.

इथे शब्दाची एक अडचण येते. संख्याशास्त्रात ज्याला 'बायस' म्हणतात त्याला आपण पूर्वग्रह म्हणतो, पक्षपात म्हणतो. पाठ्यपुस्तकांत 'अभिनती' हा शब्द भेटतो. पूर्वग्रह आणि पक्षपात या शब्दांत माणसावर आरोप आहे, आणि अभिनती हा शब्द परीक्षा झाली की कोणाच्या लक्षात राहत नाही. मला आपल्या बाजारातला जुना शब्द जवळचा वाटतो : पासंग. रिकामा तराजू उचलला आणि एक पारडे किंचित खाली गेले, तर तो पासंग. वाण्याच्या मनात पाप असो वा नसो, त्या तराजूवर तोललेली प्रत्येक वस्तू त्याच बाजूला चुकणार.

चुका दोन प्रकारच्या असतात. तोलताना काटा थरथरतो, कधी छटाकभर जास्त दाखवतो तर कधी कमी. ही चूक वारंवार तोलून सरासरी काढली की विरत जाते. पासंगाची चूक वेगळी. हजार वेळा तोलले तरी ती तेवढीच राहते. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकण्यासारखे जे काही आहे, त्यातला मोठा भाग या दोन चुका वेगळ्या ओळखण्यात आहे.

* * *

पासंगापुढे संख्या किती दुबळी ठरते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण शेतातले नाही, मतदानातले आहे, आणि ते अमेरिकेत घडले. 'लिटररी डायजेस्ट' हे तिथले लोकप्रिय साप्ताहिक अध्यक्षीय निवडणुकीआधी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवून निकालाचा अंदाज छापत असे, आणि १९३२ पर्यंतचे त्याचे अंदाज बरोबर आले होते. १९३६ साली त्याने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केले की रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ४३ टक्के मते मिळतील. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

२४ लाखांचा नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडला असता, तर योगायोगाने होणारी चूक एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकीही भरली नसती. चूक झाली अठरा टक्क्यांची. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून, मोटारींच्या नोंदवह्यांतून. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार बाळगणारा माणूस रूझवेल्ट यांच्या धोरणांवर नाराज असण्याचा संभव जास्त, हे कारण बहुतेक पुस्तकांत सापडते. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पेव्हरिल स्क्वायर या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली जुन्या पाहणीची माहिती नव्याने तपासली, तेव्हा दिसले की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिले असते, तर 'डायजेस्ट'ला निदान विजेता तरी बरोबर सांगता आला असता. यादी कललेली होतीच. त्यावर, उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक आणखी कललेले होते. बदल हवा असलेला माणूस तिकीट लावून पत्र टाकतो, समाधानी माणूस मतपत्रिका बाजूला ठेवून देतो.

त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी 'डायजेस्ट'च्या तुलनेत अगदी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले आणि ते रातोरात प्रसिद्ध झाले. त्यांचा आकडाही पाच-सहा टक्क्यांनी कमी पडला होता, पण विजेता बरोबर आल्यामुळे त्या फरकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याची किंमत १९४८ मध्ये चुकवावी लागली. अमुक इतके पुरुष, अमुक इतक्या स्त्रिया, अमुक उत्पन्नाचे इतके, असा कोटा पाहणी करणाऱ्याला नेमून दिलेला असे. कोट्याच्या आत कोणाला गाठायचे हे तोच ठरवी. त्या वर्षी गॅलप यांच्यासह नामवंत चाचण्यांनी ड्युई यांना विजयी ठरवले आणि निवडून आले ट्रूमन.

* * *

निवड माणसाच्या हाती ठेवली की तिच्यात माणसाचा कल उतरतो, हे भारतात एका मुलकी अधिकाऱ्याने त्याआधीच ओळखले होते. जॉन हबॅक यांनी १९२३ ते १९२५ या काळात बिहार आणि ओरिसात भाताच्या पिकाचा अंदाज घेताना, 'सरासरी वाटणारे' शेत निवडण्याची पद्धत टाकून दिली आणि जागा यदृच्छेने ठरवून तेवढ्याच लहान तुकड्यातले पीक कापून तोलले. सरासरी शेत दाखवा म्हटले की माणूस सरासरीपेक्षा बरे शेत दाखवतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे १९३४ साली येझी नेमन या पोलिश गणितज्ञाने लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात या दृष्टीला गणिताचा पाया दिला. हेतुपूर्वक निवडलेला 'प्रातिनिधिक' नमुना एका बाबतीत जुळतो आणि दुसऱ्या बाबतीत दगा देतो, हे त्यांनी इटलीच्या जनगणनेच्या उदाहरणावरून दाखवले. चिठ्ठी टाकून निवडलेल्या नमुन्याबद्दल मात्र तो किती चुकू शकेल हे आधी सांगता येते.

त्या वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन यांच्या सहवासात एक मराठी तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पदवीधर. १९३५ साली त्यांनी नेमन यांच्या नमुनानिवडीच्या सिद्धांतात भर घालणारा निबंध लिहिला आणि १९३६ मध्ये, म्हणजे 'डायजेस्ट' फसले त्याच वर्षी, डॉक्टरेट मिळवली. १९४० पासून ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. इकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली होती, आणि १९३७ पासून बंगालमधल्या तागाच्या पाहणीत ते मोठ्या प्रमाणावर नमुनापद्धत वापरत होते.

पिकाचा अंदाज चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतांतूनच घ्यायचा, यावर दोघांचे एकमत होते. वाद पेटला तो शेतात गेल्यावर किती मोठा तुकडा कापायचा, यावर.

* * *

महालनोबीस यांची माणसे शेतात खुंटी ठोकून तिच्याभोवती काही फूट त्रिज्येची वर्तुळे आखत आणि तेवढ्यातले पीक कापत. तुकडा लहान, म्हणून काम झटपट. एका दिवसात जास्त शेते, त्याच पैशांत जास्त नमुना. त्यांच्या पाहणीत या कामासाठी शिकवून तयार केलेले स्वतंत्र कर्मचारी असत. महसूल खात्याच्या माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी उलट मताचे. देशभर दरवर्षी चालवायचे काम गावात आधीच असलेल्या यंत्रणेकडूनच करवून घ्यावे लागणार, आणि त्या माणसांच्या हाती लहान तुकडा धोक्याचा. त्यांचा नेहमीचा तुकडा ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. चाळीसच्या दशकाच्या आरंभी वि. गो. पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वऱ्हाडात कापसाची पाहणी केली, तीही याच वाटेने. संशोधनासाठी शेती करणाऱ्यांच्या एका पिढीने पानसे-सुखात्मे ही जोडनावे पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ओळखली आहेत.

लहान तुकड्यात धोका कसला? दोरीवर येणाऱ्या ताटांचा. एखादे ताट नेमके कडेवर उभे आहे, ते आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात बहुतेक वेळा ते आत ओढतो, पदरचे काही सुटू नये म्हणून. आता हिशेब करून पाहू. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. मोठ्या आयतात प्रत्येक चौरस फुटामागे कड जेमतेम दोन इंच. समजा, दोन्हीकडे कडेबाहेरचे एक इंच पीक नकळत आत आले. मोठ्या तुकड्यात पीक दीड टक्क्याने फुगेल, वर्तुळात साडेआठ टक्क्यांनी. चूक एकच, एका इंचाची. तुकड्याच्या मापाने तिचे वजन बदलले.

हे कागदावरचे गणित झाले. सुखात्मे यांनी ते शेतात नेले. संयुक्त प्रांतातल्या मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या निवडलेल्या शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून त्यांनी उत्पन्नांची तुलना केली. तुकडा जितका लहान, तितका एकरी उतारा जास्त. सर्वांत लहान तुकड्यांत ही वाढ दोन आकडी टक्क्यांत गेली. १९४६-४७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार लहान तुकडा आकडा चढवतो हे महालनोबीस यांनाही ठाऊक होते. त्यांचे म्हणणे, शिकवलेला माणूस असेल तर वर्तुळ पुरेसे मोठे धरून ही चूक नगण्य करता येते, आणि बाकीचा पैसा जास्त शेतांवर खर्चणे शहाणपणाचे.

या वादात कोण जिंकले? सरकारी पीककापणीत मोठा तुकडा राहिला. आजही आपल्याकडे धान्याच्या पिकांसाठी पाच बाय पाच किंवा दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखला जातो, ती त्याच परंपरेतली रीत. पण वाद तिथे मिटला नाही. १९५० साली महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे तिचे अन्नधान्याचे आकडे कृषी मंत्रालयाच्या आकड्यांशी जुळत नव्हते. पाहणीचा आकडा चढा असे. धान्य आयात करणाऱ्या देशात हा फरक विद्वानांपुरता राहत नाही. देशात खरोखर किती धान्य पिकले याची दोन सरकारी उत्तरे होती.

* * *

आता 'सार्थकते'कडे वळू. रॉनल्ड फिशर यांनी इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करताना १९२५-२६ च्या सुमारास 'विसात एक' हा उंबरठा रूढ केला. दोन खतांत खरा फरक काहीच नसता, तर निव्वळ योगायोगाने दिसला एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता विसात एकाहून कमी असेल, तर तो फरक सार्थ मानावा. 'सार्थ' या शब्दाने आपली फसगत होते. सार्थ म्हणजे मोठा नव्हे, महत्त्वाचा नव्हे, आणि खरा तर मुळीच नव्हे. योगायोगाने याची उकल होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. योगायोगाने नाही तर कशाने, ते ही कसोटी सांगत नाही. खताने असेल, पासंगानेही असेल.

मघाचेच वर्तुळ घेऊ. खरे उत्पन्न एकरी १०० शेर आहे आणि आपला तुकडा ते साडेआठ टक्क्यांनी फुगवतो आहे असे धरा. शेताशेतांतला नेहमीचा फरक ३० शेरांचा धरा. २५ शेते कापली तर आपण म्हणू, उत्पन्न १०८.५, बारा शेर इकडेतिकडे. खरे उत्तर त्या मर्यादेत बसते. मग खर्च करून २,५०० शेते कापली. आता आपण म्हणू, उत्पन्न १०८.५, अवघे सव्वा शेर इकडेतिकडे. खरे उत्तर त्या मर्यादेबाहेर फेकले गेले. शंभरपट कष्टाने आपण चुकीच्या उत्तराबद्दल दहापट निश्चिंत झालो. 'डायजेस्ट'चे २४ लाख हेच सांगतात.

मग पासंग ओळखायचा कसा? बाजारात याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते : पारडी बदलून तोला. माल उजवीकडे, वजने डावीकडे, मग उलट. मुरादाबादला सुखात्मे यांनी नेमके हेच केले. सार्थकतेची कसोटी तीच, पण तिला विचारलेला प्रश्न तराजूविषयीचा. लहान आणि मोठे माप सारख्याच शेतांवर लावले, की पिकाचा फरक बाजूला पडतो आणि मापांचा फरक उरतो. महालनोबीस यांनीही आपली युक्ती काढली होती. एकाच प्रदेशात दोन वेगळे नमुने घ्यायचे, ते दोन वेगळ्या पथकांकडे द्यायचे आणि त्यांची उत्तरे पडताळायची. एखादे पथक आळशी किंवा उतावळे असेल तर ते उघडे पडते. जगभरच्या पाहण्यांनी ही पद्धत उचलली. तिची एकच मर्यादा आहे. दोन्ही पथकांची वर्तुळे सारखीच लहान असतील तर दोघांची उत्तरे सुरेख जुळतील आणि दोन्ही चढी असतील. पारड्यांची बाजू बदलायला हवी. सारखाच पासंग असलेला दुसरा तराजू आणून भागत नाही.

* * *

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर बहुतेक प्रमुख एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. पाच महिन्यांनी महाराष्ट्र विधानसभेत महायुतीने २८८ पैकी २३० च्या घरात जागा जिंकल्या, आणि इतक्या मोठ्या बहुमताचा अंदाज क्वचितच कोणी वर्तवला होता. 'सगळ्यांचे आकडे जुळत होते, मग सगळे कसे चुकले?' असे तेव्हा ऐकू आले. जुळणे हा खरेपणाचा पुरावा तेव्हाच, जेव्हा मोजणारे वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असतात. मत सांगायला कोण तयार होतो, कोण परक्याला घाबरून भलतेच सांगतो, कोणाच्या दारापर्यंत विचारणारा पोचतच नाही, हे सर्वांसाठी सारखेच असेल तर दहा चाचण्या म्हणजे एकच चाचणी दहा वेळा छापलेली. 'तीन टक्के इकडेतिकडे' ही तळटीप फक्त काट्याच्या थरथरीबद्दल असते. पासंगाबद्दल ती काही बोलत नाही.

निवडणुकीच्या अंदाजाचा निवाडा निदान मतमोजणीच्या दिवशी होतो. पिकाच्या आकड्याला असा दिवस नसतो. धान्य खळ्यावरून घरात आणि बाजारात निघून जाते, आणि उरतो तो आकडा. आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाची टंचाईतली सवलत वर्षानुवर्षे ठरत आली, आणि त्यातल्या पहिल्या टप्प्याचे नावच 'नजरअंदाज पैसेवारी'. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीकविमा योजनेत भरपाईचा मोठा आधार पीककापणी प्रयोगांचा आहे. महसूल मंडळात एका पिकासाठी असे किमान दहा प्रयोग अपेक्षित असतात. दहा तुकड्यांवर मंडळातल्या साऱ्या शेतकऱ्यांचा निवाडा होतो. प्रयोग दहाचे वीस करावेत ही मागणी रास्त आहे, त्याने थरथर कमी होईल. पण शेत कोणी निवडले, दोरी कोणी धरली, कडेवरचे ताट कोणत्या बाजूला गेले आणि तोलताना तिथे कोण उभे होते, हे प्रश्न वीस प्रयोगांनीही सुटत नाहीत.

खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ मध्ये लवाद मागितला होता. आम्ही सांगतो तोच आकडा खरा माना, असा त्यांचा हट्ट नव्हता. दोन्ही बाजूंचा नसलेला कोणीतरी येऊन तोलू दे, एवढेच ते म्हणत होते. संख्याशास्त्र तेव्हा त्यांच्या मदतीला नव्हते, तरी त्यांची मागणी त्या शास्त्राच्या गाभ्यातलीच होती. पुढे हबॅक, सुखात्मे आणि महालनोबीस यांनी ती मागणी पुरी करण्याची साधने आपल्याला दिली. ती वापरायची की नाही हे ठरवणारा बहुधा तराजूवाला असतो. म्हणून पारडी बदलून तोलायला सांगण्याचे काम माल घेऊन आलेल्यालाच करावे लागते.